एका क्लिकमध्ये दुकान? जरा दमानं!

शेकडो वस्तू एका झटक्यात ऑनलाइन दुकानात चढवणारी टूल्स बाजारात ढीगभर आहेत. पण निवडताना ‘किती फास्ट?’ एवढंच विचारलंत, तर ऑर्डरी येतील आणि माल नसेल! गोंडपिपरीच्या बांबूच्या निमित्ताने या वेळी ‘बल्क इम्पोर्ट’चा फंडा.

तुमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. अप्रेझल आणि ईएमआयच्या गप्पा संपल्या की तिसरा विषय ठरलेला : साइड बिझनेस. अकाउंट्समधली एकजण आईच्या हातचे मसाले विकते. टेस्टिंगमधला एकजण खणाच्या कापडाच्या लॅपटॉप बॅगा शिवून घेतो. एचआरमधल्या मॅडमचं मातीच्या दागिन्यांचं दुकान ‘लवकरच येत आहे’, गेली दोन वर्षं! आणि सगळ्यांची रड एकच. वस्तू जमवल्या, फोटो काढले, डोमेन घेतलं, लोगोसुद्धा झाला, पण गाडी अडली ती ‘प्रॉडक्ट अपलोड’पाशी.

समजा, यातलाच एकजण मूळचा गोंडपिपरीचा आहे. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहितो आणि वीकेण्डला बांबूच्या वस्तू विकायची स्वप्नं बघतो. दिवे, परड्या, ट्रे, पेनस्टँड. गावी चुलतभाऊ आहे, तो कारागिरांकडून माल गोळा करणार. हा इथे बसून दुकान चालवणार. डिझाइनं मोजली तर फक्त २५. त्यात काय एवढं! पण प्रत्येक डिझाइन तीन साइझमध्ये आणि दोन फिनिशमध्ये. २५ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे झाल्या १५० ओळी. नाव, वर्णन, किंमत, वजन, फोटो असं सगळं धरून एका ओळीला सहा मिनिटं लागली, तरी १५ तास. म्हणजे दोन वीकेण्ड गेले, आणि डोळे गेले ते वेगळेच.

यावरचा उपाय कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत सापडतो. सगळं एका शीटमध्ये भरा, फाइल चढवा, बटण दाबा, चहा घेऊन या. दुकान तयार! हे खरं आहे, पण अर्धंच. कारण त्याच बटणाने चुकाही होलसेलमध्ये चढतात. एकेक वस्तू भरताना चूक झाली तर एका वस्तूत होते. इथे एक रकाना सरकला की १५० वस्तू चुकतात, आणि तुम्ही अजून चहाच पीत असता.

म्हणून टूल निवडायचा आपला फंडा जरा उलटा. माल आत किती वेगाने जातो, हे प्रत्येक कंपनी मोठ्या अक्षरांत सांगतेच. तुम्ही विचारा : चुकलं तर मागे कसं यायचं?

गोंडपिपरीच का?

कारण इथला माल कारखान्याच्या पट्ट्यावरून येत नाही. चंद्रपूरहून आष्टी-आलापल्लीकडे निघालात की वाटेत गोंडपिपरी लागतं. पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. सगळा पट्टा जंगलाचा, आणि या जंगलात भरपूर असतो तो मानवेल बांबू. याच तालुक्यात पाचगाव आहे. वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूची कटाई व विक्री ग्रामसभेच्या हातात आली. त्याच्या वर्षभर आधी, २०११मध्ये, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने हा रस्ता खुला केला होता. तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक द्यायला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते.

पाचगावची आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. तेंदूपानं हा या भागातला हमखास नगद पैसा. पण पानांसाठी झाडं छाटली जातात, नवी पालवी फुटावी म्हणून जंगलात आगी लावल्या जातात. पाचगावने ठरवलं, तेंदू विकायचाच नाही. म्हणजे गावाने जंगलातून काय काढायचं हे तर ठरवलंच, पण विक्रीच्या यादीत काय नको, हेसुद्धा ठरवलं.

आता बघा, बल्क इम्पोर्टची फाइल म्हणजे तरी काय? एक यादीच. काय विकायचं, किती, केवढ्याला आणि किती दिवसांत. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला ही यादी सोपी असते. हजार कव्हरं गोदामात पडलेली असतात आणि सगळी एकसारखी. बांबूचा दिवा मात्र कुणीतरी बसून विणलेला असतो. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब फुटतात, इकडे त्यांना ‘वास्ते’ म्हणतात, तेव्हा कटाई बंद असते. धानाची रोवणी आली की विणणारे हात शेतात जातात. अशा मालासाठी निवडलेलं टूल चुकीचं निघालं, तर फटका हिंजवडीत बसत नाही. तो गोंडपिपरीत बसतो.

फंडा नंबर १ : आधी शीट, मग टूल

टूल फुकटचं असो की महागडं, त्याला खायला शेवटी शीटच लागते. बहुतेक ठिकाणी ही फाइल ‘सीएसव्ही’ प्रकारची असते. म्हणजे साधा मजकूर, प्रत्येक ओळीत एक वस्तू आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. शीट नीट असेल तर साधं टूलही पळतं. शीटच गचाळ असेल तर महागडं टूल तो गचाळपणा जास्त वेगाने दुकानात नेऊन ओततं. बस्स!

पहिला रकाना ‘एसकेयू’चा, म्हणजे प्रत्येक ओळीचा स्वतःचा कोड. मधल्या साइझचा पॉलिश केलेला दिवा आणि त्याच साइझचा साधा दिवा, दोघांचे कोड वेगळे. एकदा दिलेला कोड बदलायचा नाही, कारण पुढच्या वेळी अनेक टूल्स वस्तूला ओळखतात ते याच कोडवरून. कोड बदललात की अशा टूलला वाटतं नवीन वस्तू आली, आणि दुकानात एकाच दिव्याचे जुळे भाऊ लटकायला लागतात.

दुसरी गोष्ट, एक्सेलच्या अतिहुशारीपासून सावध. परडीची साइझ ‘६-८’ इंच लिहिलीत की एक्सेल तिची तारीख करून टाकतं. शून्याने सुरू होणाऱ्या कोडमधला शून्य गिळतं. १३ आकडी बारकोडचं गणिताच्या पुस्तकातलं रूप करून ठेवतं. हसू नका, यात भलेभले अडकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च’ आणि ‘सेप्टेंबर’ या महिन्यांसारखी दिसायची, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांमध्ये वर्षानुवर्षं घोळ व्हायचा. शेवटी २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली! मायक्रोसॉफ्टने ही आपोआप बदलाबदली बंद करायची सोय दिली ती २०२३मध्ये. त्यामुळे साइझ, कोड आणि बारकोडचे रकाने भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

याहून गंभीर किस्सा इंग्लंडचा. २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी आठवडाभर आकडेवारीतून गायब होत्या. कारण काय? माहिती जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये भरली जात होती, त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. वरच्या ओळी कापल्या गेल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. या रुग्णांच्या संपर्कात कोण आलं, याचा शोध तेवढा लांबला. आपल्या १५० ओळींना ही भीती नाही. पण धडा तोच : फाइल ‘यशस्वीपणे चढली’ असं टूल म्हणालं, तरी आत किती ओळी गेल्या ते स्वतः मोजा.

आणि मराठीवाल्यांसाठी खास. वर्णन देवनागरीत असेल तर फाइल ‘यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा. एक्सेलमध्ये सीएसव्हीचा तसा वेगळा पर्याय आहे. गुगल शीट्समधून काढलेली सीएसव्ही तशीच येते. नाहीतर ‘बांबूचा दिवा’च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल.

फंडा नंबर २ : दुकान कुठलं, त्यावर टूल

इथे दोन रस्ते आहेत. पहिला, मॉलमध्ये गाळा घ्यायचा. म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो. गिऱ्हाईक तिथे आधीच फिरत असतं. कारागिरांसाठी ॲमेझॉनचं ‘कारीगर’ आणि फ्लिपकार्टचं २०१९पासूनचं ‘समर्थ’ आहे. पण इथे टूल निवडायचा प्रश्न फारसा येत नाही, कारण शीट त्यांचीच असते. ज्या कॅटेगरीत विकायचं तिचा साचा डाउनलोड करायचा, त्यांच्याच रकान्यांत त्यांनी दिलेले शब्द भरायचे आणि परत चढवायचा. कुठली ओळ का नापास झाली, त्याचा रिपोर्ट मिळतो. तो वाचा, तोच तुमचा मास्तर. हाताने बनवलेल्या वस्तूंचं एक दुखणं मात्र आधीच सांगून ठेवतो. ॲमेझॉनला बारकोड नंबर लागतो आणि दिव्याला बारकोड कुठून येणार? त्यासाठी बारकोडमधून सूट मागायची सोय आहे. ती आधी मिळवा, नाहीतर फाइल कितीही देखणी असली तरी परत येईल.

दुसरा रस्ता, स्वतःचं दुकान. इथे नवशिक्यांची दोन आवडती नावं म्हणजे शॉपिफाय आणि वूकॉमर्स. शॉपिफाय दर महिन्याला भाडं घेतं, पण देखभालीची डोकेदुखी नाही. वूकॉमर्स वर्डप्रेसवर चालतं आणि स्वतः फुकट आहे, होस्टिंग आणि देखभाल तुमची. दोघांतही सीएसव्ही चढवायची सोय आतच असते, वेगळे पैसे नाहीत. वूकॉमर्समध्ये ही सोय २०१७पासून आहे. तुमच्या शीटचा कुठला रकाना दुकानाच्या कुठल्या रकान्यात जाणार, हे तिथे चढवतानाच जुळवून घेता येतं. शॉपिफायला मात्र रकान्यांची नावं त्याच्या नमुन्याप्रमाणेच लागतात.

फोटोंचं दोन्हीकडे सारखंच. सीएसव्हीमध्ये फोटो मावत नाही, फोटोचा पत्ता मावतो. म्हणजे फोटो आधी कुठेतरी इंटरनेटवर उघडे ठेवलेले हवेत आणि त्यांची लिंक शीटमध्ये हवी. लॅपटॉपच्या फोल्डरमधल्या फोटोचा पत्ता देऊन उपयोग नाही. चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटोही सरळ वापरू नका, वाटेत त्यांची क्वालिटी घटते. त्याला म्हणा, ड्राइव्हवर टाक आणि फाइलला वस्तूचा कोडच नाव म्हणून दे. एवढ्या शिस्तीने अर्धी संध्याकाळ वाचते.

फंडा नंबर ३ : पैसे कधी मोजायचे?

१५० ओळी एकदाच चढवायच्या असतील तर आतली फुकटची सोय पुरते. उगाच दर महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन बसू नका. पैसे मोजायची वेळ तीन कारणांनी येते.

एक, माल सतत बदलतो. दर सोमवारी गावाकडून नवा आकडा येणार असेल, तर ठरलेल्या वेळी शीट आपोआप वाचणारं टूल लागतं. शॉपिफायवर मॅट्रिक्सिफाय, वूकॉमर्सवर डब्ल्यूपी ऑल इम्पोर्ट ही त्यातली जुनी, वापरलेली नावं.

दोन, जुनं दुकान उचलून नवीन जागी न्यायचंय. वस्तूंबरोबर गिऱ्हाइकं, ऑर्डरी, फोटो असं सगळं हलवायचं तर साधी सीएसव्ही हात टेकते.

तीन, तोच माल तीन ठिकाणी विकायला ठेवलाय. गावात दिवे आहेत पाच. तेच पाच तुमच्या साइटवर, ॲमेझॉनवर आणि फ्लिपकार्टवर दिसतायत. म्हणजे जगाला वाटतंय दिवे १५ आहेत! एकीकडे विकला की दुसरीकडचा आकडा लगेच कमी करणारी व्यवस्था हवी. भारतात युनिकॉमर्ससारख्या कंपन्या हेच काम करतात. तो खर्च झेपत नसेल तर साधा उपाय : पाच दिवे वाटून टाका. दोन इथे, दोन तिथे, एक तिसरीकडे. कमी विकले जातील, पण जे विकले जातील ते नक्की हातात असतील.

आणि एक चौथं कारण सरकार देतं. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बांबूचं फर्निचर १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांच्या दुकानात हजारो ओळी होत्या, त्यांना एका रात्रीत कर आणि किंमत बदलायची होती. तेव्हा कळलं की इम्पोर्ट टूल दुकान उघडायच्या दिवशी जितकं कामाला येतं, त्याहून जास्त दर बदलायच्या दिवशी येतं. त्यामुळे टूल बघताना ‘नवीन वस्तू चढवता येतात का’ याच्या जोडीला ‘आहे त्यातला एकच रकाना बदलता येतो का’ हेही तपासा.

फंडा नंबर ४ : रिकामी जागा म्हणजे काय?

हा प्रश्न ऐकायला तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण पैसे वाचवणारा आहे. समजा, तुम्हाला फक्त किमती बदलायच्यात. तुम्ही जुनीच शीट घेतली, किमती बदलल्या, वर्णनाचा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा ठेवला आणि चढवली. आता टूल त्या रिकाम्या जागेचा अर्थ काय घेणार? ‘जुनं वर्णन राहू दे’ की ‘वर्णन पुसून टाक’?

शॉपिफायच्या साध्या सीएसव्हीत जुन्यावर नवं लिहायचा पर्याय निवडलात, तर रकाना फाइलमध्ये असून रिकामा असल्यास जुना मजकूर पुसला जातो. रकानाच फाइलमध्ये नसेल तर जुना मजकूर राहतो. म्हणून बदलाची फाइल नेहमी बारीक ठेवा. वस्तू ओळखायला लागणारे रकाने आणि जो बदलायचा तो रकाना. बाकी सगळे उडवा. वूकॉमर्समध्ये ‘फक्त असलेल्या वस्तू अपडेट करा’ अशी खूण करायची चौकट असते. ती केली की ओळखीच्या वस्तू बदलतात आणि अनोळखी ओळी सोडून दिल्या जातात. मॅट्रिक्सिफायमध्ये तर प्रत्येक ओळीला वेगळा हुकूम देता येतो : ही नवीन कर, ही बदल, ही काढून टाक.

आता मुद्द्याचा सवाल, परतीचा रस्ता. शॉपिफायच्या साध्या इम्पोर्टला ‘अनडू’चं बटण नाही. म्हणून चढवण्याआधी आहे ते सगळं दुकान एक्स्पोर्ट करून, तारीख घालून बाजूला ठेवायचं. चूक झाली तर तीच फाइल परत चढवायची. डब्ल्यूपी ऑल इम्पोर्टमध्ये एका इम्पोर्टने आत आणलेल्या वस्तू एकत्र काढून टाकता येतात. हा गुण जाहिरातीत फारसा दिसत नाही, पण रविवारी रात्री साडेअकराला तुमची झोप तोच वाचवतो.

आणि हो, नवीन वस्तू नेहमी ‘ड्राफ्ट’ म्हणून चढवा. दुकानाचं शटर खाली ठेवून माल लावायचा, सगळं बघून झालं की शटर वर. आजकाल दीडशे वर्णनं एआय दोन मिनिटांत लिहून देतं. पण ड्राफ्टमध्ये असतानाच ती वाचा. बांबूच्या ट्रेला त्याने ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं असेल, तर गिऱ्हाईक तो सिंकमध्ये घालणार आणि फोन तुम्हाला करणार!

फंडा नंबर ५ : हलका बांबू, जड कुरिअर

वजनाचा रकाना बघून सगळे ‘हा काय, नंतर भरू’ म्हणतात. बांबूवाल्यांनी म्हणू नये. परडीचं वजन समजा ६०० ग्रॅम. पण तिचा खोका ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून बऱ्याच ठिकाणी ५,००० ने भागतात. इथे गुणाकार ४८,०००. भागिले ५,०००, म्हणजे ९.६ किलो! तुम्ही शीटमध्ये ०.६ लिहिलंत, साइटने गिऱ्हाइकाकडून त्याप्रमाणे पाठवणावळ घेतली, आणि कुरिअरने तुमच्याकडून दहा किलोची घेतली. परडीतला सगळा नफा टेम्पोत बसून गेला.

म्हणून लांबी, रुंदी, उंचीचे रकाने चढवणारं टूल हवं, आणि ते माप वस्तूचं नको, पॅक केलेल्या खोक्याचं हवं. अजून एक युक्ती. एकात एक बसणाऱ्या तीन परड्यांचा सेट करा. खोका तोच, माल तिप्पट. बुरूड कारागीर टोपल्या एकात एक रचूनच बाजारात नेतात, हे शहाणपण आपल्या शीटमध्येही यायला हरकत नाही.

जाता जाता कायद्याचेही रकाने बघा. १ जानेवारी २०१८पासून पॅकबंद मालाची एमआरपी, वजन किंवा नग, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता ही माहिती साइटवरही दाखवावी लागते. कुठल्या देशात बनलं तेही सांगावं लागतं. जीएसटीसाठी एचएसएन कोड लागतो. १ ऑक्टोबर २०२३पासून ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणीचा नंबर घेऊन. म्हणजे गोंडपिपरीचा दिवा पुण्यात चालेल, बंगळुरूला पाठवण्याआधी सीएला फोन करा. टूलमध्ये हे जादा रकाने भरायची सोय नसेल तर तिथेच नमस्कार करा.

फंडा नंबर ६ : पाच म्हणजे पाचच

आता सगळ्यात महागडा रकाना : स्टॉक. शीटमध्ये ५ च्या जागी ५० पडले, किंवा रिकामं ठेवल्यामुळे दुकानाने ‘हवे तेवढे विका’ असा अर्थ घेतला. दिवाळीच्या आठवड्यात २० ऑर्डरी आल्या. गावी फोन गेला, तर उत्तर काय येणार? ‘पाच आहेत ना बे, पन्नास कुठून आणू?’

मग दोनच रस्ते उरतात. १५ ऑर्डरी रद्द करा, म्हणजे गिऱ्हाईक तुटलं आणि मार्केटप्लेसवर नाव खराब झालं. विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत असाव्यात, असा ॲमेझॉनचा दंडक आहे. इथे १५ गेल्या, म्हणजे नव्या दुकानाचा खेळ सुरू होण्याआधीच संपायची वेळ. नाहीतर गावातल्या चार घरांना रात्री जागवून १५ दिवे विणून घ्या. बांबू नीट सुकलेला नसतो, हात घाईत असतात, दिवा पुढे कुठेतरी भेगाळतो. एक स्टार मिळतो, आणि तो कारागिराच्या नावावर लागतो. पुढच्या महिन्यात मागणी बंद. ज्याने शीटला हातही लावला नाही, त्याची मजुरी जाते.

म्हणून हा रकाना हिंजवडीतून भरायचा नाही. तो गोंडपिपरीतून भरला गेला पाहिजे. त्यासाठी चुलतभावाला शॉपिफाय शिकवायची गरज नाही. त्याच्या फोनवर चार रकान्यांची गुगल शीट द्या, तीही मराठीत : वस्तू, कोड, तयार किती, नवीन करायला किती दिवस. तुमच्या बाजूला दुसरी शीट, जी कोडवरून हे आकडे उचलून दुकानाच्या इंग्रजी रकान्यांत बसवते. नेट गेलं तरी फोनवरची शीट ऑफलाइन चालू करून ठेवता येते, रेंज आली की आकडे पोचतात. जे टूल अशी शीट वाचू शकतं, ते तुमचं टूल. जे फक्त तुमच्या लॅपटॉपवरच चालतं, ते कितीही देखणं असो, उपयोगाचं नाही.

‘किती दिवस’ हा रकाना तर सोन्याचा. बहुतेक दुकानांत माल पाठवायला लागणारे दिवस वस्तूगणिक टाकता येतात किंवा निदान वर्णनात लिहिता येतात. ‘ऑर्डरनंतर १२ दिवसांत विणून पाठवतो’ असं स्पष्ट लिहिलं तर हाताने बनवलेली वस्तू हवी असणारा थांबतो. उद्याच हवा असणाऱ्याला प्लॅस्टिकचा दिवा मिळतोच की!

टूल घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. आधी पाचच ओळी चढवून बघायची सोय आहे का?

२. चूक झाली तर आधीचं दुकान परत कसं आणायचं?

३. रिकाम्या रकान्याचा अर्थ टूल काय घेतं?

४. फक्त किंमत किंवा फक्त स्टॉक बदलता येतो का?

५. नापास झालेल्या ओळींचा, कारणासकट, रिपोर्ट मिळतो का?

६. गावाकडचा माणूस फोनवरून, मराठीत, आपला आकडा भरू शकतो का?

पहिल्या पाचांची उत्तरं कंपनीच्या साइटवर सापडतील. सहाव्याचं उत्तर गावी एक फोन केल्यावर मिळेल, आणि तो फोन सबस्क्रिप्शनचे पैसे भरण्याआधी करायचा.

आणि शीट उघडून बसलातच, तर पाचगावसारखा आणखी एक सवाल स्वतःला टाका. यातलं काय विकायचं नाही? जो दिवा एकच म्हातारा कारागीर विणतो आणि महिन्याला तीनच होतात, तो १५० ओळींच्या फाइलमध्ये कशाला? त्याला यादीतून काढा. त्याचा फोटो वेगळा टाका, खाली लिहा ‘विचारणा करा’, आणि त्याच्या सोयीने विका. उरलेल्या ओळींपैकी पाच निवडा आणि येत्या शनिवारी चढवा. त्या मोजा, फोनवर उघडून बघा, स्वतःच एक ऑर्डर टाकून कुरिअरचा आकडा तपासा. मगच बाकीच्या. एचआरच्या मॅडमनाही सांगा, ‘लवकरच येत आहे’ची पाटी उतरवायला पाच ओळी पुरतात!